डाव्या पाट्याची चौकशी

पाटा तुटला तेव्हा गाडी मी चालवत होते, ही गोष्ट मी कधीच नाकारली नाही. त्याला आता चाळीस वर्षं होऊन गेली. तेव्हाचे साक्षीदार बहुतेक गेले, आणि त्या गाडीचे तर भंगारात जाऊन खिळेसुद्धा झाले असतील. तरी आजही कोणी विचारलं, "तुम्हीच चालवत होतात ना?" तर मी "हो" म्हणेन. फक्त पुढचं ऐकायला थांबा, एवढीच विनंती. तेव्हा कोणी थांबलं नव्हतं.

लायसन्स हातात येऊन एकोणीस दिवस झाले होते. वय बेचाळीस. त्या वयात मी गाडी शिकले ती अप्पांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी. ते गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. उभा जन्म कोर्टात कारकुनी केलेली. गुडघे गेले, बसच्या पायऱ्या चढवेनात, आणि बस बंद झाली तसं बाकीचं जगही बंद झालं. दोन वर्षं हा माणूस खिडकीजवळच्या खुर्चीत बसून समोरच्या भिंतीवरची छत्र्यांची एकच जाहिरात बघत होता. "दर रविवारी मी येईन, स्वतः गाडी घेऊन. वाचनालयात जाऊ," असं मी सांगितलं तेव्हा ते नुसते "बरं" म्हणाले. रविवारी मी दहाला पोचले. शेजारीण म्हणाली, सकाळी सातपासून बूट घालून बसलेत.

तो पहिला रविवार. अप्पा मागच्या सीटवर डावीकडे बसले. हे 'डावीकडे' पुढे चौकशीत फार गाजलं. वाचनालयाच्या वळणाअलीकडे एक गतिरोधक आहे, तो मी घेतला. कसा घेतला याबद्दल मतभेद आहेत, त्यांच्याकडे येतेच. गाडीखालून खाडकन आवाज झाला आणि गाडीनं डावा खांदा टाकला, एखाद्या बाईनं बादली एका हातात घेतल्यावर टाकावा तसा.

जुन्या गाड्यांना मागच्या चाकांवर पोलादी पट्ट्यांची कमान असे, एकाखाली एक रचलेल्या. त्यांना पाटे म्हणतात. गाडीचं सगळं ओझं ती कमान दिवसभर वाकून आणि सरळ होऊन सोसते. मला हे त्या दिवसापर्यंत ठाऊक नव्हतं. आपण कशाकशावर बसून जन्म काढतो हे ती वस्तू तुटेपर्यंत कुठे कळतं?

मागून अप्पांचा आवाज आला. "माझ्यामुळे झालं का गं?"

अप्पा अंगानं भक्कम होते. नोकरीत असताना त्यांच्याखाली दोन खुर्च्या मोडल्या होत्या. त्यांतली एक भर कामकाजात मोडली आणि न्यायाधीशांनी साक्ष थांबवून "लागलं का?" असं विचारलं. त्या चौकशीचा अपमान त्यांनी तीस वर्षं जपून ठेवला होता. मी "छे हो, तुमचा काय संबंध," म्हणाले. पण ते पायीच घराकडे निघाले, त्या गुडघ्यांनिशी. कसंबसं एका टपरीवाल्याच्या बाकावर बसवलं आणि यांना निरोप धाडला.

आमचे हे वजनमापे खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांत अचानक जायचं, काटे तपासायचे, वजनं तपासायची, खोटी निघाली की जप्त. जगात प्रत्येक वस्तूला वजन असतं आणि प्रत्येक चुकीला एक जबाबदार माणूस असतो, या दोन तत्त्वांवर ते जगत. आले, गाडीखाली वाकले, पाट्याचा तुटून लोंबणारा तुकडा काढला आणि घरी आल्यावर त्याला सुतळीनं एक चिठ्ठी बांधली. 'मुद्देमाल. डाव्या मागील पाट्याचा तुकडा.' खाली तारीख, वार, ठिकाण. आणि शेवटी, 'चालक: पत्नी.'

"अहो, निदान पत्नी तरी लिहू नका," मी म्हणाले.

"मग काय लिहू? अनोळखी महिला?"

तो तुकडा बाहेरच्या खोलीत फळीवर ठेवला गेला. येणारा जाणारा चिठ्ठी वाची, मग माझ्याकडे बघे, मग चहा मागे.

गल्लीत सल्ल्याला तोटा नव्हता. खालच्या मजल्यावरचे बसकाका एकतीस वर्षं बस चालवून निवृत्त झालेले. ते म्हणाले, "वहिनी, गतिरोधक सरळ घ्यायचा नसतो. तिरका घ्यायचा. एक चाक आधी, मग दुसरं. सासूच्या खोलीत शिरतो तसं दबकत."

समोरच्या मास्तरीणबाईंना हे पटलं नाही. त्यांनी गाडी कधी चालवली नव्हती, पण गणित शिकवत. "तिरका घेतला की पाट्याला पीळ बसतो. सरळ घ्यायचा, पण हळू."

"बाई, तुम्ही किती बसा चालवल्यात?"

"तुम्ही किती पाटे तोडलेत ते सांगा आधी."

पाण्याच्या नळावरून या दोघांचं दोन वर्षं बोलणं बंद होतं. ते माझ्या पाट्यावरून सुरू झालं, ही माझी एक समाजसेवाच म्हणायची. माझी चूक सरळ होती की तिरकी, एवढाच त्यांच्यात वाद होता. चूक माझी, यावर मात्र पूर्ण एकमत.

हे काही ओरडले नाहीत. ओरडले असते तर मीही ओरडले असते आणि विषय संपला असता. त्यांनी फक्त दारामागच्या खिळ्यावरची गाडीची किल्ली काढून शर्टाच्या खिशात ठेवली. त्यानंतर मी रोज तो शर्ट धुवायला टाकताना खिसा तपासत होते. रोज रिकामा. धुवायच्या शर्टातून धुतलेल्या शर्टात किल्ली ते स्वतः हलवत.

अप्पांकडे मी बसनं गेले. म्हटलं, गाडी दुरुस्त होतेय, पुढच्या रविवारी हे चालवतील, तुम्ही तयार राहा.

"नको," अप्पा म्हणाले. "माझं ओझं गाडीला झेपत नाही. उगाच तुमच्यात भांडणं."

"अप्पा, पाच माणसांची गाडी आहे ती."

"खुर्चीही माणसाचीच होती."

बूट त्यांनी पुसून खोक्यात ठेवले होते. खोक्याला दोरी बांधलेली. ती दोरी बघून मला जे वाटलं ते चिठ्ठीतली 'पत्नी' वाचूनही वाटलं नव्हतं. माझं लायसन्स गेलं खड्ड्यात. हा माणूस आता त्या खुर्चीतून उठणार नव्हता.

इकडे दुरुस्तीचं प्रकरण सुरू झालं. यांच्या ओळखीचा एक जाळ्या-दारं करणारा वेल्डर होता. त्यानं तुटलेला पाटा जोडून दिला. जोड इतका सुबक की यांनी त्यावरून बोट फिरवून "वा" म्हटलं. आठव्या दिवशी, जोडाच्या शेजारी बोटभर अंतरावर पाटा पुन्हा तुटला. हेच चालवत होते. गतिरोधक नव्हता, खड्डा नव्हता, रस्ता असा की त्यावर पत्ते खेळावेत.

"आता?" मी विचारलं.

"ही तुझ्याच वेळची कसर," हे म्हणाले. "उरलेली."

मग बसकाकांनी ट्रकच्या पाट्यांतला एक जाड पाटा मिळवून दिला. "घाला हा डाव्या बाजूला. हत्ती बसला तरी हलणार नाही." घातला. हलला नाही हे खरं. पण आता गाडी उजवीकडे कलली, आणि चालताना ती एका बाजूनं गाडी आणि दुसऱ्या बाजूनं बैलगाडी वाटे. डावीकडे बसलेल्या माणसाचे दात वाजत, उजवीकडचा माणूस झोके घेई.

यावर यांनी शास्त्रीय तोडगा काढला. माणसं वजनाप्रमाणे बसवायची. त्यासाठी माणसांची वजनं हवीत. रविवारी सकाळी, ज्या वेळी मी अप्पांना घेऊन वाचनालयात असायला हवं होतं, त्या वेळी आम्ही सगळे धान्याच्या वखारीत मोठ्या काट्यापुढे रांगेत उभे होतो. मी, आमच्या दोघी मुली आणि यांची थोरली बहीण, माझ्या नणंदबाई, ज्या चार दिवस विश्रांतीसाठी आल्या होत्या. यांनी आधी डिकी उघडली. तिथे त्यांची तपासणीची सरकारी वजनं असत, वीस किलोचं एकेक. त्यांतलं एक काढून काट्यावर ठेवलं, काटा बरोबर आहे याची खात्री केली, वजन पुसून परत डिकीत ठेवलं. कामात माणूस चोख.

मग माझं नाव पुकारलं. मी चढले. वखारीचा माणूस सवयीनं पोत्यांसारखंच ओरडला, आणि आकडा पार रस्त्यापर्यंत ऐकू गेला. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. मास्तरीणबाई नेमक्या रस्त्यानं चालल्या होत्या आणि त्यांनी सहानुभूतीनं मान हलवली. त्या सहानुभूतीनं माझा आकडा आणखी दोन किलोंनी वाढला असावा.

नणंदबाई काट्यावर चढेनात. "मी काय गूळ आहे?"

"ताई, शास्त्र आहे हे."

"तुझं शास्त्र तुझ्या बायकोवर चालव. मी रिक्षानं जाते." आणि त्या खरोखर रिक्षानं गेल्या. त्यांच्या जागी यांनी अंदाजे वजन धरलं आणि ते कागदावर लिहिलं. तो कागद पुढे त्यांच्या हाती लागला, ही निराळी कथा आहे आणि तिला अजून दोन्ही घरांत कोणी हात लावत नाही.

तिसरा पाटा, ट्रकच्या त्या जाड पाट्याशेजारचा, बुधवारी दुपारी तीन वाजता तुटला. गाडी गल्लीत उभी होती. आत कोणी नव्हतं. हे कचेरीत, मुली शाळेत, मी मोरीत भांडी विसळतेय. खाडकन.

बाहेर आले तर बसकाका गाडीपाशी उभे. त्यांनी गाडीकडे पाहिलं, मग माझ्या ओल्या हातांकडे. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "तुम्ही घरातच होतात ना?"

संध्याकाळी यांनी नवी चिठ्ठी लिहायला घेतली. 'चालक' लिहून दोन टिंबं दिली आणि पेन तसंच धरून बसले. आरोपीशिवायची चौकशी त्यांच्या नोकरीत पहिलीच असावी. मला हसू आलं, पण त्यांचा चेहरा पाहून ते मी भाताच्या कुकरकडे नेलं. आणि तेव्हाच ठरवलं. आजवर पाटा कोणी तोडला हेच सगळे विचारत होते. पाटा का तुटतो, हे विचारायला कोणी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फळीवरचा पहिला तुकडा, चिठ्ठीसकट, पिशवीत घातला आणि ट्रक उभे राहतात त्या भागात गेले. तिथे नुसतं पाट्यांचंच काम करणारा एक म्हातारा होता, पाटेवाला म्हणूनच सगळे ओळखत. भिंतीला टेकून ट्रकचे पाटे उभे केलेले, एखाद्या प्रचंड माशाच्या फासळ्यांसारखे. भट्टी धगधगत होती. जन्मभर घण ऐकून त्याचे कान गेले होते, पण असे लोक ओरडून बोलतात तसा तो बोलत नव्हता. अगदी हळू बोले, समोरच्यानं जवळ यावं म्हणून.

त्यानं चिठ्ठी वाचली. "चालक, पत्नी. म्हणजे तुम्हीच का ताई?"

"मीच."

"बसा."

त्यानं तुकडा रॉकेलमध्ये धुतला, चिंधीनं पुसला आणि दारातल्या उजेडात तुटलेली बाजू माझ्यापुढे धरली. इतके दिवस तो आमच्या घरात होता, आल्यागेल्यानं चिठ्ठी वाचली होती, पण ती बाजू कोणी पाहिली नव्हती. तिच्यावर दोन रंग होते. बराचसा भाग काळपट, गुळगुळीत. आणि एका कडेला नखाएवढी चंद्रकोर, साखरेसारखी खरखरीत, चकाकणारी.

"हा काळा भाग बघा. माती, तेल, गंज. हे आत शिरायला वेळ लागतो. इथे कडेला केसाएवढी चीर पडली. रोज वाकला, रोज थोडी वाढली. या रेघा दिसतात? शिंपल्यावर असतात तशा. चीर एवढी आली, थांबली, मग एवढी आली." त्याचं बोट एकेका रेघेवरून पुढे सरकत चकाकत्या कडेशी आलं. "आणि ही एवढी चकाकी, हा तुमचा रविवार."

मी त्या चकाकीवरून नख फिरवून पाहिलं.

"दोन वर्षं तरी तुटत होता ताई. तुम्ही फक्त त्या वेळी हजर होतात."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भट्टीचा धूर होता म्हणून बरं.

"तरी, चीर पडली कशानं?" मी विचारलं.

"पाटा वाकण्यानं मरत नाही. वाकणं हाच त्याचा धंदा. पण त्याला सरळ व्हायला मिळालं पाहिजे. गाडीत काय नेता?"

"माणसं."

"माणसं उतरतात. न उतरणारं काय आहे?"

मी नाही म्हणणार होते. मग मला वखारीची सकाळ आठवली. उघडलेली डिकी, आणि जुनं ब्लँकेट उचलून यांनी काढलेलं ते वजन.

ती वजनं तिथे कशी आली हे सांगायला हवं. कचेरीच्या भांडारखोलीचं छप्पर गळत होतं. गंजलेलं सरकारी वजन म्हणजे खोटं वजन, आणि खोटं वजन बाळगल्याबद्दल निरीक्षकावरच कारवाई व्हायची. म्हणून यांनी दहा वजनं, वीस वीस किलोंची, तात्पुरती आपल्या ताब्यात घेतली. नियम असा की शासकीय वजने खासगी निवासस्थानी ठेवू नयेत. यांनी तो नियम तीनदा वाचला. निवासस्थानी. गाडी म्हणजे काही निवासस्थान नव्हे. वजनं डिकीत गेली, डावीकडे, कारण उजवीकडे स्टेपनी. पुढे छप्पर दुरुस्त झालं. पण परत घ्यायची तर वजनं बाहेर गेल्याची नोंद हवी, आणि ती नोंदवही भिजल्यामुळे दुसऱ्या कचेरीत सुकायला पाठवलेली. अडीच वर्षं ती वही सुकत होती. अडीच वर्षं आमच्या गाडीत, डाव्या पाट्यावर, तीन माणसांइतकं ओझं बसलं होतं. रात्रंदिवस, गाडी उभी असतानाही.

पाटेवाल्यानं ऐकून नुसती मान डोलावली. त्यानं याहून विचित्र ओझी पाहिली असावीत. मग बोटावर न मोजता, जसं सुचेल तसं सांगत गेला. तुटलेला पाटा जोडू नये, वेल्डिंगच्या तापानं शेजारचं पोलाद ठिसूळ होतं. ट्रकचा पाटा तर नकोच. जो स्वतः वाकत नाही तो शेजाऱ्याला मोडतो. एका बाजूचा बदलला की दुसऱ्याही बाजूचा बदलायचा. पाटे आवळून धरणारे बोल्ट नवे घातल्यावर आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा आवळून घ्यायचे, ते सैल पडतातच. मधली माती धुवायची, गंज दिसला की घासायचा. "आणि अधूनमधून खाली वाकून बघायचं ताई. कोणी बघतच नाही. आवाज झाला की मग सगळे बघतात."

घरी येऊन मी तो तुकडा यांच्या पुढ्यात ठेवला, चकाकी वर करून, आणि पाटेवाला बोलला तसंच्या तसं बोलले. एक शब्द माझा घातला नाही. हे शिक्के वाचायचं भिंग घेऊन बसले. पाच मिनिटं. दहा मिनिटं. मग उठून पोलादी पट्टी घेतली आणि खाली गेले.

यांच्यात हा एक गुण होता. माणसाचं ऐकत नसत, पण मोजमापाचं ऐकत. जमिनीपासून चाकावरच्या पत्र्यापर्यंतचं अंतर मोजलं. एक वजन उतरवलं, मोजलं. दुसरं उतरवलं, मोजलं. दहावं उतरलं तेव्हा गाडीचा मागचा भाग चार बोटं वर आला होता. बसकाका आणि मास्तरीणबाई आपापल्या दारांतून बघत होते. दोघांनाही सरळ-तिरकं काही सुचलं नाही.

हे त्या रचलेल्या वजनांवरच बसले. "अगं, मी सगळं धरलं होतं. तुम्ही चौघी, पाण्याची बाटली, छत्री. ही धरलीच नाहीत." त्यांनी हाताखालच्या वजनावरची धूळ पुसली. "वजनांनी वजन करायचं असतं. वजनांचंही वजन असतं, हे डोक्यातच आलं नाही."

बोलण्यासारखं पुष्कळ होतं, अगदी वखारीतल्या आकड्यापासून. पण भर गल्लीत लोखंडाच्या ढिगावर बसलेल्या माणसाला काय बोलणार? वर आल्यावर त्यांनी किल्ली खिशातून काढली आणि माझ्या हातात दिली.

वजनं परत देणं सोपं नव्हतं. भांडारपाल म्हणाला, वही आल्याशिवाय घेता येणार नाहीत. हे म्हणाले, बरं. आणि दहाही वजनं त्याच्या खोलीच्या दारात उंबऱ्याशी ओळीनं मांडून शेजारी स्टूल घेऊन बसले. भांडारपालाला आत राहता येईना, बाहेर पडता येईना. चौथ्या तासाला वही सुकली.

दोन्ही बाजूंना नवे पाटे बसले. मी तुकडा घेऊन अप्पांकडे धावले. रंग दाखवले, रेघा दाखवल्या. "अप्पा, दोन वर्षांपूर्वीच चीर पडली होती. तुम्ही बसलात तो तर हा एवढाच भाग!"

अप्पांनी तुकडा उलटसुलट केला आणि परत दिला. "लेखी काही आहे का?"

"हे काय आहे मग?"

"ही वस्तू आहे. वस्तू बोलत नसते. तू माझी मुलगी, तुझी साक्ष धरता येणार नाही. पाटेवाल्यानं तुम्हाला नवे पाटे विकले, त्याचाही हितसंबंध आला."

"मग हे लिहून देतील."

"जावईबापू?" अप्पा पहिल्यांदाच खुर्चीत पुढे सरकले. "ते चालतील. ते तुझ्या विरुद्ध होते. विरुद्ध पक्षानं कबुली दिली तर ती मानतात."

यांना सांगितलं तेव्हा हे एकदम उठून पाणी प्यायला गेले. दुसऱ्यांचे कबुलीजबाब यांनी शेकड्यांनी लिहून घेतले होते. स्वतःचा एकही नाही. पहिला मसुदा केला: 'सदर पाटा काही कारणाने तुटला.'

"काही?" मी म्हणाले.

दुसरा: 'वाहनात ठेवण्यात आलेल्या वस्तूंमुळे.'

"कोणाकडून ठेवण्यात आलेल्या?"

"समजतं ते वाचणाऱ्याला."

"अप्पांना समजणार नाही. अप्पांना वाटेल मीच ठेवल्या. मग काय, बसू द्या त्यांना खिडकीत."

यांनी तो कागद चुरगाळला. मग तिसरा कागद घेतला आणि एका दमात लिहिलं: 'सदर पाटा हा खाली सही करणाराने वाहनात डाव्या बाजूस अडीच वर्षे ठेवलेल्या दोनशे किलो वजनामुळे तुटला. याबाबत चालक महिलेस दोष देण्यात आला, तो चुकीचा होता. मागील आसनावरील वृद्ध प्रवाशाचा काहीही संबंध नाही.' सही, हुद्दा, तारीख.

अप्पांनी तो कागद दोनदा वाचला. लाल पेन्सिल मागवली आणि 'वृद्ध' खोडला. मग म्हणाले, "जावक क्रमांक नाही."

"अप्पा, घरचा कागद आहे!"

"क्रमांक नसलेला कागद उद्या कोणीही नाकारील."

मी तणतणत परत आले. यांनी मात्र हे निमूटपणे ऐकलं. त्या दोघांचं एकमेकांना कळत असे. मुलींच्या शाळेच्या एका कोऱ्या वहीवर 'जावक' लिहून त्यांनी पहिली नोंद केली आणि कागदावर क्रमांक एक घातला. आमच्या घरातून अधिकृतपणे बाहेर पडलेला तो पहिला कागद, आणि माझ्या माहितीप्रमाणे शेवटचा. पुढच्या सगळ्या चुका आमच्यात तोंडीच राहिल्या.

रविवारी हेही बरोबर आले, माझ्या शेजारी बसले, आणि वाटेत एकदाही ब्रेकसाठी पाय दाबल्यासारखं केलं नाही. म्हणजे दोनदाच केलं. अप्पा दारात उभे होते. बूट घातलेले, कागद चार घड्या करून वरच्या खिशात. मागच्या सीटवर डावीकडेच बसले, आणि बसताच खिडकीवरचा पट्टा दोन्ही हातांनी घट्ट धरला. आरशात मला दिसत होतं. अंग चोरून, श्वास धरून, स्वतःला वर उचलून धरल्यासारखे बसले होते. गाडीला आपला त्रास होऊ नये म्हणून.

यांनी मागे वळून पाहिलं. "अप्पा, पट्टा धरला तरी तुमचं वजन गाडीतच राहतं."

"जावईबापू, तुम्ही तुमचं खातं बघा."

वाचनालयाचं वळण आलं. रविवारच्या सकाळी दार उघडं होतं, आत दोघं-तिघं पेपर वाचत होते. मी गाडी हळू केली.

"थांबवू ना अप्पा?"

"पुढे रस्ता संपतो का?"

"नाही."

"मग?"

मी तशीच पुढे गेले. गिरणी गेली, शाळा गेली, मग दोन्ही बाजूंना मोकळी शेतं लागली, जी त्यांनी दोन वर्षांत पाहिली नव्हती. रस्ता खराब होता आणि खालून पाटे एका लयीत वाकत, सरळ होत होते. मी आरशात पाहिलं. अप्पांनी एक हात सोडला. तळव्याकडे बघितलं, लाल झाला होता. मग दुसरा सोडला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि हळूहळू मागे रेलले, सगळं अंग सोडून.

यांचं शास्त्र मला ठाऊक होतं, त्यामुळे गाडीत काही फरक पडला नसणार, हे मी मान्य करते. पण मला तो जाणवला. गाडी मागे किंचित दबली, आणि चालत राहिली.